खंडेनवमीला झाडलेली कोठी

आमच्या ऑफिसात खंडेनवमीला संगणकांची पूजा होते. नगरला सावेडीत दुसऱ्या मजल्यावर आमचं छोटं ऑफिस आहे. साखर कारखाने, दूध संघ, बाजार समित्या यांच्यासाठी आम्ही सॉफ्टवेअर लिहितो. आदल्या दिवशी कीबोर्ड उलटे करून झटकायचे, पंख्यांमधली धूळ फुंकायची, गुंतलेल्या वायरी सोडवून पुन्हा बांधायच्या, आणि दुसऱ्या दिवशी हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ. हे सगळं पूर्वीपासून होतं. मी त्यात एक भर घातली होती. मशीनच्या आतलीही सफाई झाली पाहिजे, वर्षभर साठलेलं पुसल्याशिवाय कुंकू लावायचं नाही, असा नियम मी केला होता. त्या नियमाचा मला अभिमान होता, हे सांगताना आज कानशिलं गरम होतात.

पुढचं समजायला आमची कोठी माहीत हवी. आम्ही जे प्रोग्रॅम बनवतो ते सगळेच्या सगळे आमचे नसतात. पावती छापणारा तुकडा कुणी दुसऱ्याने लिहिलेला, मराठी अक्षरं नीट बसवणारा तिसऱ्याचा, वजनकाट्याशी बोलणारा आणखी कुणाचा. हे तयार तुकडे आम्ही सर्व्हरवर एका जागी ठेवतो, प्रत्येकाला नाव आणि व्हर्जनचा आकडा देऊन. बाहेर या जागेला रिपॉझिटरी म्हणतात, आमच्याकडे तिचं नाव कोठी पडलं. प्रोग्रॅम बांधायला घेतला, म्हणजे बिल्ड केलं, की मशीन हवे ते तुकडे कोठीतून मागून घेतं. आणि मागून घेतलेल्या प्रत्येक तुकड्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवतं, म्हणजे पुढच्या वेळी कोठीपर्यंत जावं लागू नये. ही झाली ज्याची त्याची लोकल. कोठी सगळ्यांची, लोकल आपली आपली.

यंदाच्या खंडेनवमीला मी सगळ्यांना सांगितलं, आपापली लोकल रिकामी करा, लागेल ते कोठीतून पुन्हा येईलच. आणि कोठी मी स्वतः झाडली. दोन वर्षांत कुणीही मागितला नाही असा प्रत्येक तुकडा पुसून टाकला. सर्व्हरवर जागाच जागा झाली. मी पेढ्यांचा बॉक्स फिरवला. डिस्क किती मोकळी झाली ते ज्याला त्याला दाखवत होतो, जणू घरचं लग्न होतं.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा एका सकाळी श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यातून फोन आला. आमची एक सहकारी तिथे होती. सोनईकडची, तिशीची, बोलणं मोजकं. ऊस वजन करायच्या काट्याचा नवा प्रोग्रॅम तिने पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकटीने लिहिला होता. आमच्या मालकांनी तिला हे काम नाखुशीनेच दिलं होतं. "काट्यावर रात्रंदिवस गाड्यांची रांग, ड्रायव्हरांच्या शिव्या, तिथं ही उभी राहणार का?" असं ते माझ्यासमोर म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता कारखान्यात मोळीपूजन होतं. ऊस टाकायच्या गव्हाणीत पहिली मोळी पडणार, हंगाम सुरू होणार आणि पहिली गाडी तिच्या प्रोग्रॅमवर वजन होणार.

"सर, कोठीत तुकडा नाहीये," ती म्हणाली.

"सर्व्हर बंद असेल."

"सर्व्हर चालू आहे, उत्तर देतोय. सापडत नाही असंच उत्तर देतोय. काट्याचा तुकडा, सर."

मी खुर्ची ओढली. कोठी उघडली. पुसलेल्या गोष्टींची यादी पाहिली. तो तुकडा तिच्यात होता.

झालं होतं ते असं. त्या कारखान्याच्या काट्याचा आकडे दाखवणारा डबा जुना आहे. तो वजनाचे आकडे तारेतून उलट्या क्रमाने पाठवतो, शेवटचा आकडा आधी. ते सरळ करून वाचणारा तुकडा एका काटेवाल्याने कधीकाळी बनवला होता. तो धंदा बंद पडला, माणूस परदेशी गेला, मूळ लिखाण कुणाजवळ नाही. आमच्याकडे होता तो फक्त तयार तुकडा, आणि त्याचंही एकच व्हर्जन या डब्याशी नीट बोलत होतं. या पोरीला जे मशीन मिळालं होतं त्याच्या लोकलमध्ये तो तुकडा आधीपासून होता. म्हणून तिने कोठीकडे तो कधी मागितलाच नाही. कुणी मागत नाही, असं बघून मी तो कोठीतून पुसला. आणि कोठीत असणारच, या भरवशावर तिने माझं ऐकून लोकल रिकामी केली. त्याच दिवशी. बहुधा एकाच तासात. चाचणीसाठी बांधलेल्या प्रोग्रॅमच्या जुन्या प्रती तर तिने सगळ्यात आधी पुसल्या होत्या, कारण मी तिच्या खुर्चीमागे उभा राहून म्हणालो होतो, "हे काय साठवून ठेवलंयस, काढ सगळं."

त्यानंतर इतके दिवस ती पावत्यांचे आणि टोकनचे सुटे भाग दुरुस्त करत होती. अख्खा प्रोग्रॅम नव्याने बांधायची वेळ त्या सकाळी आली.

"बॅकअप?" तिने विचारलं.

आमचा बॅकअप म्हणजे कपाटातली दुसरी डिस्क. तिच्यावर रोज सर्व्हरची हुबेहूब नक्कल होते. इकडून गेलं की दुसऱ्या दिवशी तिकडूनही जातं. ही सोय मीच लावली होती.

"माझ्यामुळे झालं," मी म्हणालो. "मी पुसलं."

"ते कळलं सर. आता कुठे मिळेल ते बघा ना."

मालक मागे उभे राहून ऐकत होते. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते हळू बोलले. "उद्या अकराला काटा बंद दिसला, की कारखान्याचे शेतकी अधिकारी काट्याचं काम आधी बघणाऱ्या पुण्याच्या कंपनीला फोन लावणार. ते टपूनच बसलेत. आणि नंतर त्या पोरीला मी कुठे एकटीला पाठवणार नाही. सांगून ठेवतो."

"चूक माझी आहे साहेब."

"चूक तुमची असेल. काट्यावर तोंड तिचं दिसणार."

तिथून जी धावपळ सुरू झाली ती मी जन्मात विसरणार नाही. ऑफिसातलं एकेक मशीन उघडलं. या टेबलावरून त्या टेबलावर. हिशेबाच्या खोलीतलं, स्वागताच्या टेबलावरचं, नादुरुस्त म्हणून फळीवर ठेवलेलंसुद्धा. सगळ्यांनी लोकल पुसली होती. अगदी स्वच्छ. एरवी मी सांगितलेलं या ऑफिसात कुणी मनावर घेत नाही. गाड्या नीट लावा म्हटलं तर आडव्या लावतात. यंदा मात्र एकानेही कसूर केली नव्हती.

"सर, तुम्हीच म्हणालात ना, पुसल्याशिवाय कुंकू नाही, म्हणून ठेवली नाही एकही फाईल," एक जण खुर्चीत फिरत म्हणाला. मी त्याच्याकडे बघितलंही नाही.

मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तो तुकडा आमच्या कोठीत पहिल्यांदा आणला कुणी? काटेवाल्याकडून पेन ड्राईव्हवर घेऊन आलेला आमचा एक जुना सहकारी. अकोले तालुक्यातल्या डोंगरातला. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून भंडारदऱ्याला गेला, धरणाच्या काठी पर्यटकांसाठी तंबू लावतो. तो स्वतःच्या लॅपटॉपवर काम करायचा. तो लॅपटॉप आमच्या खंडेनवमीच्या तावडीत सापडणं शक्य नव्हतं! मी त्याला फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

मी गाडीची किल्ली घेतली.

"फोन लागेपर्यंत थांबा की," मालक म्हणाले.

"लागला नाही तर?"

आता जे लिहितोय ते लिहायला मला जड जातंय, पण त्याच्याशिवाय ही हकिगत खोटी होईल. नगर–मनमाड रस्त्याच्या खड्ड्यांतून गाडी हाणताना मी खूश होतो. भीती होती, अपराधी वाटत होतं, तरी छातीत काहीतरी उड्या मारत होतं. पन्नाशीला टेकलेला माणूस. रोज तीच खुर्ची, त्याच तक्रारी, तोच डबा. आणि आज सबंध जगात एका वस्तूची बहुतेक एकच प्रत उरलेली आणि ती कुठे आहे हे फक्त मला सुचलेलं! राहुरीला उसाच्या जोड ट्रॉल्या रस्ता अडवून चालल्या होत्या. एरवी मी हॉर्न वाजवून जीव खाल्ला असता. त्या दिवशी मी मोठ्याने गात होतो.

लोणीच्या पुढे स्वतःलाच समजावलं, की ही खुशी नाही, घाई आहे. संगमनेर ओलांडताना तिचा फोन आला.

"सर, कुठवर?"

"संगमनेर सोडलं. अगं, तू विचार कर, आपण तो तुकडा शोधायला डोंगरात चाललोय! कोठीत नाही, लोकलमध्ये नाही, कपाटातल्या डिस्कवर नाही. आणि एका तंबूत—"

तिच्या मागे यार्डात कुणीतरी ट्रॅक्टर मागे घ्यायला सांगत होतं.

"सर, तुम्हाला मजा येतेय का?"

"छे गं. मजा कसली."

"नाही, आवाज तसा वाटला." तिचा स्वर रागाचा नव्हता. "इथे काटावाले भाऊ मला सकाळपासून विचारतायत, ताई, चालू होईल ना? मी हो म्हणतेय. प्रत्येक वेळी हो म्हणताना मला मळमळतंय. म्हणून विचारलं."

फोन ठेवल्यावर मी गाणं बंद केलं. अकोल्यापर्यंत गप्प बसलो. पण खोटं कशाला सांगू, अकोल्यापुढे घाट सुरू झाला आणि छातीतलं ते पुन्हा उड्या मारायला लागलं. मला त्याची लाज वाटत होती आणि ते थांबतही नव्हतं.

राजूरला मी पाव किलो पेढे घेतले. या मित्राच्या दारात रिकाम्या हाताने जाववत नव्हतं. ऑफिसात होता तेव्हा तो एकही फाईल पुसायचा नाही. त्याच्या लोकलमध्ये दहा वर्षांचं साठलेलं असायचं, आणि मी त्याला सगळ्यांसमोर भंगारवाला म्हणायचो. तोही हसायचा. पण नोकरी सोडून गेल्यावर मी त्याला एकदाही फोन केला नव्हता.

शेंडीच्या पुढे धरणाच्या कडेने गेलो. भाताची कापणी चालली होती, कापलेल्या भाताचे भारे बांधावर उभे. पाण्याला लागून निळ्या-नारिंगी तंबूंची ओळ आणि त्यातल्या एकाचा खुंटा ठोकत तो. काळवंडला होता, पोट सुटलं होतं. मला ओळखलं आणि हातोडी खांद्यावर टाकून उभा राहिला.

"या साहेब! भंगार न्यायला आलात?"

त्याने नुसतं चिडवायला म्हटलं होतं, आणि अगदी तेच न्यायला मी आलो होतो.

"हो," मी म्हणालो. "भंगारच न्यायला आलोय."

तंबूंच्या मागे चुलीपाशी त्याची आत्या बसली होती. "कोन हाय रं?" तिने विचारलं.

"नगरचं साहेब हायत, आत्या."

"मंग उभं का ठेवलं त्यान्ला? च्या टाकते. बसा वो."

मी बसलो नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. खंडेनवमी, कोठी, लोकल, तिचा काटा, उद्याचे अकरा. तो ऐकता ऐकता हसायला लागला, मग हसायचा थांबला.

"म्हणजे ती मागत नव्हती म्हणून तुम्ही पुसलं," तो म्हणाला.

"हो."

"आणि तुम्ही ठेवलं असणार म्हणून तिने पुसलं."

"हो रे बाबा."

"सर, हे असं फक्त आपल्याच ऑफिसात होऊ शकतं. कुंकू लावून!" त्याने डोक्याला हात लावला. "पण लॅपटॉप मी पुसलाय हो. सगळा. गाणी आणि पिक्चर भरलेत त्यात. संध्याकाळी पडदा लावतो, पब्लिकला काहीतरी लागतं."

मी खाली बसलो. आत्याने चहा हातात दिला तो तसाच धरून राहिलो. पेढ्यांचा बॉक्स मांडीवर.

"पुसला म्हणजे काय केलंस?" मी विचारलं. "नवीन विंडोज टाकलं?"

"नाही. दिसतील ती सगळी फोल्डरं उडवली."

"दिसतील ती?"

आमची नजरानजर झाली. लोकलचं फोल्डर दिसत नाही! त्याच्या मशीनवर ते लपवलेलं असतं, मुद्दाम शोधल्याशिवाय समोर येत नाही. दोघांनाही हे माहीत होतं, इतकी वर्षं माहीत होतं. चहा सांडला. आम्ही स्टोअरच्या पत्र्याच्या खोलीकडे अक्षरशः पळालो, तो पुढे, मी मागे, आणि आत्या, "आरं च्या तरी घ्या!"

लॅपटॉप स्पीकरच्या खोक्यावर ठेवलेला. कीबोर्डवर चुरमुरे. बॅटरी मेलेली, वायर काढली की बंद. त्याने लपवलेली फोल्डरं दाखवायला सांगितली आणि पडद्यावर फिकट रंगाचं एक फोल्डर उगवलं. त्याच्या आत आणखी फोल्डर, त्याच्या आत आणखी. काटेवाल्याचं नाव. आत वेगवेगळ्या व्हर्जनचे तीन तुकडे, प्रत्येक आपापल्या खणात, दोन-तीन वर्षं कुणी हात न लावलेले. गाणी आणि पिक्चरांच्या खाली ते सगळं तसंच होतं.

मी त्याला मिठी मारली. माणसाला अशी मिठी मी माझ्या लग्नातही मारली नव्हती.

"सोडा, सोडा, आधी बघा कुठलं पाहिजे ते," तो म्हणाला.

इथे एक अडचण होती. नावावरून आणि आकड्यावरून कुठलं व्हर्जन हवं ते मला माहीत होतं, पण माझा माझ्या माहितीवरचा विश्वास त्या दिवशी उडाला होता. तिच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक तुकड्याचा ठसा नोंदवलेला असतो. फाईलमधल्या मजकुरावरून निघणारी ती अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक माळ. एक ठिपका इकडचा तिकडे झाला तरी माळ बदलते. ठसा जुळला, तर तुकडा तोच. आम्ही तिन्ही तुकड्यांचे ठसे काढले, पडद्याचे फोटो घेतले आणि फाईली वायरीने माझ्या फोनमध्ये उतरवल्या. रेंज मात्र तिथे नव्हती.

"वर टेकडीवर मिळते," तो म्हणाला. "जांभळाच्या झाडापाशी. सगळं गाव तिथं उभं राहून बोलतं."

चढताना माझा दम निघाला. तो पुढे जाऊन हात द्यायचा. सूर्य डोंगराआड गेला होता, पाणी तांबूस झालं होतं. झाडापाशी आणखी एक जण फोनवर कुणाशी तरी म्हशीबद्दल भांडत होता. आम्ही दुसऱ्या बाजूला उभे राहिलो. फोन लागला.

"सापडलं!" मी ओरडलो.

"ठसा वाचा, सर."

"अगं सापडलंय म्हणतोय—"

"वाचा ना."

मी पहिला फोटो मोठा केला आणि वाचायला लागलो. पाचव्या-सहाव्या अक्षराला ती म्हणाली, "नाही. हा नाही."

ज्याच्यावर मी पैज लावली असती तो हाच होता. माझ्या मित्राने फोन माझ्या हातातून घेतला, दुसरा फोटो उघडला आणि शांतपणे वाचायला लागला. "नऊ. डी. चार. चार. ई. शून्य…" ती मध्ये बोलली नाही. तो वाचत राहिला. म्हशीवाला आपलं भांडण थांबवून आमच्याकडे बघायला लागला. ओळ संपली.

"सर," ती म्हणाली. "हाच."

मी टेकडीवर नाचलो. माझे शब्द जसेच्या तसे आठवत नाहीत, पण म्हशीवाला म्हणाला, "काय, लॉटरी लागली का काय पाव्हन्यांना?"

फाईल छोटी होती, दोन मिनिटांत तिच्याकडे पोचली. "आता थेट तुझ्या लोकलमध्ये टाक," मी म्हणालो, "बिल्ड कर, लगेच. वेळ घालवू नको."

"नाही सर. आधी कोठीत टाकते."

"अगं कोठीचं मी उद्या बघतो."

"तेच तर नको. माझ्या मशीनवर चाललं, म्हणून इतके दिवस कुणाला कळलंच नाही. आधी कोठीत. मग माझी लोकल कोठीतून मागेल आणि मिळालं तर मी म्हणेन मिळालं."

माझ्या मित्राने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. तिने फोन चालूच ठेवला होता. कीबोर्डचा आवाज येत होता. मध्ये एकदा रेंज गेली तेव्हा मी झाडाभोवती फिरून फोन वर धरला, आणि पुन्हा आवाज आला तेव्हा ती म्हणत होती, "…मागितलं. आलं. बिल्ड होतंय." आणि थोड्या वेळाने, "झालं."

मग ती खोलीतून बाहेर गेली असावी, कारण ट्रॅक्टरची धडधड मोठी झाली. आदल्या दिवशीच उसाच्या गाड्या यार्डात येऊन थांबतात. त्यातला एक ट्रॅक्टर तिने काट्यावर बोलावला होता.

"ताई, त्याला म्हना ट्रॉली मागं घे जरा, चाक भायेर हाय," काटावाल्या भाऊंचा आवाज.

"ए दादा, मागे! अजून. बस, बस!"

"थांबलं बघा. डब्यावर आकडा बसला."

"आता स्क्रीनवर वाचा भाऊ. मी नाही वाचणार. तुम्ही वाचा."

माझ्या मित्राने माझं मनगट धरलं होतं.

"बराबर हाय," भाऊ म्हणाले. "डब्यावर हाय तेच हिथं हाय. उलटं न्हाई. सरळ हाय बघा ताई!"

ती हसली. त्या हसण्यात सकाळपासूनची सगळी मळमळ बाहेर पडली असावी. मी पुन्हा ओरडलो, इतक्या जोरात की खाली तंबूंपाशी आत्या उभी राहून वर बघायला लागली.

"सर, दोन गोष्टी आहेत," ती थोड्या वेळाने म्हणाली. आवाज पुन्हा मोजका झाला होता. "कोठीतून पुसायचा अधिकार एकट्या माणसाकडे नको. पुसायच्या आधी सगळ्या प्रोग्रॅमांना विचारायचं, कोण कशावर उभं आहे ते. कोठीकडे कोण काय मागतं, नुसती ती नोंद बघून ठरवायचं नाही."

"मान्य. उद्या मी आलो की—"

"ती दुसरी गोष्ट. उद्या तुम्ही येऊ नका."

मी मनात कधीच निघालो होतो. पहाटे निघायचं, घाट उतरायचा, अकराच्या आत पोचायचं. मोळी पडेल, काटा सुरू होईल, मालक असतील, आणि तिथे उभं राहून सगळ्यांना मला ही हकिगत सांगायची होती, कोठी, लोकल, तंबू, टेकडी. चूकही सांगायची होती, अगदी मोठ्याने. त्यातही मजा येणार होती.

"का गं?"

"तुम्ही असलात की प्रत्येक जण तुम्हाला विचारणार. शेतकी अधिकारी, साहेब, सगळे. मी काट्यावर बसले असले तरी तुम्हाला विचारणार. आणि तुम्ही उत्तर देणार. तुम्हाला राहवत नाही, सर."

मला राहवत नाही, हे खरं आहे. मी हो म्हणालो. म्हणताना वाईट वाटलं. तिच्यासाठी वाटलं असं मला लिहायला आवडेल, पण निम्मं तरी ते माझ्यासाठीच होतं.

रात्री मी एका निळ्या तंबूत झोपलो. सकाळी मित्र पर्यटकांच्या नाश्त्यात गुंतला. मी एकटाच टेकडीवर चढलो. फोन हातात, रेंजच्या दोन काड्या. काही अडलं तर ती फोन करणार, नाही अडलं तर करणार नाही, असं ठरलं होतं. दहा वाजले. साडेदहा. अकराला मी जांभळाच्या झाडाला टेकून उभा होतो. आता मोळी पडली असेल. आता पहिली गाडी काट्यावर चढत असेल. ट्रॉली मागं घे, चाक भायेर हाय. आता ती तिथे बसली असेल आणि कुणीतरी तिला काहीतरी विचारत असेल, आणि ती उत्तर देत असेल.

सव्वाअकरा. साडेअकरा. फोन वाजला नाही.

बारा वाजता म्हशीवाला वर आला. "काय, रेंज न्हाई का आज?" त्याने विचारलं.

"आहे की," मी म्हणालो. "भरपूर आहे."